व्होल्टेज कमी, अँप जास्त

व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो की कमी होतो? दहावीच्या वर्गात विचारा, हात वर करणारी सगळी मुलं 'कमी होतो' म्हणतील आणि त्यांना मार्कही मिळतील. हाच प्रश्न उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही रिवायंडिंगच्या दुकानात विचारा. 'वाढतो' असं उत्तर येईल आणि पुराव्यादाखल जळालेल्या मोटरींकडे बोट दाखवलं जाईल. ओहमचा नियम एका ओळीत मावतो, तरी त्यावरून दोन जाणती माणसं एकमेकांना खोटं पाडू शकतात, हे मी एका मामा-भाचीच्या वादात ऐकलं. मामांचं कृष्णाकाठच्या एका बाजारगावात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. भाची ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मी मध्ये फारसा बोललो नाही. जिथे राहवलं नाही तिथे माझी चार ओळींची पुस्ती जोडली आहे.

मामा: ही बघ, परवा आलेली. पाच एचपी. वायंडिंग बघ, तिन्ही फेजच्या कॉईली सारख्या काळ्या. एखादा फेज गेला असता तर काही कॉईली जळाल्या असत्या आणि बाकीच्या वार्निशसकट कोऱ्या राहिल्या असत्या. ही सगळी एकसारखी भाजलीय. म्हणजे व्होल्टेज नव्हतं. ३३० वर गड्यानं रात्रभर चालवली. अँप वाढले, मोटर गेली. आता तुझं पुस्तक म्हणतं, व्होल्टेज कमी तर करंट कमी. मग ही का जळाली?

भाची: पुस्तक एवढंच म्हणत नाही, मामा. वाहकाचं तापमान आणि बाकीची भौतिक स्थिती बदलली नाही, तर विद्युतधारा विभवांतराच्या प्रमाणात असते, असं म्हणतं.

मामा: हे 'तर' तुम्ही परीक्षेत विचारता का?

भाची: नियम लिहिताना ते सोडलं तर मी मार्क कापते.

मामा: आणि गणितात?

भाची: गणितात ते गृहीतच असतं.

मामा: बघ म्हणजे. शेतात काहीच गृहीत नसतं.

भाची: शेत राहू द्या, तुमच्या न्हाणीघरातला गिझर घ्या. २,००० वॉट, २३० व्होल्ट. वॉटला व्होल्टनं भागलं की ८.७ अँपिअर. मग व्होल्टला अँपिअरनं भागलं की साडेसव्वीस ओहमच्या जवळ. आता लाईन १८० व्होल्टवर आली. आतली नायक्रोमची तार तीच, गरम-गार झाली तरी तिचा रोध फार हलत नाही. म्हणून करंट ६.८. इथे तरी व्होल्टेज कमी, करंट कमी. आणि पॉवर म्हणजे ह्या दोघांचा गुणाकार, तो सव्वाबाराशे वॉटवर आला. व्होल्टेज २२ टक्के उतरलं, पण उष्णता ३९ टक्क्यांनी गेली, कारण तार तीच असेल तर पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं चालते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला २१ मिनिटं लागायची, ती ३४ लागतील.

मामा: ते तुझ्या मामीला विचार. मिनिटं ती सांगेल, वर्गाबिर्गाची गरज नाही. पण गिझर व्होल्टेज कमी झालं म्हणून जळाला, असं गिऱ्हाईक माझ्याकडं आजवर आलेलं नाही. माझ्याकडं मोटरी येतात. हा मीटर धर. ही चांगली मोटर आहे, एका फेजचा रोध बघ.

भाची: चार ओहम.

मामा: डेल्टा जोडणी आहे, फेजला पुरे ४१५ व्होल्ट मिळणार. कर तुझा भागाकार.

भाची: १०४ अँपिअर येतात.

मामा: एका फेजला! तेवढे खरंच ओढले असते तर आख्ख्या शिवाराचे फ्यूज उडाले असते. टाँग टेस्टर लावून बघितलं तर वायरीत साडेसात. डेल्टाच्या आत म्हणशील तर सव्वाचारच्या जरा वर. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुझं व्ही इज इक्वल टू आय आर इथं पंचवीस पटीनं चुकलं.

भाची: सूत्र नाही चुकलं. आपण चुकीचा आर घातला. मीटर स्वतःच्या बॅटरीवर तांब्याचा रोध मोजतो, मोटर बंद असताना. ती फिरायला लागली की त्याच वायंडिंगमध्ये बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे उलटा दाब तयार होतो, जवळजवळ लाईनएवढाच. तांब्याच्या वाट्याला ४१५ पैकी थोडेच व्होल्ट उरतात. चालत्या मोटरीचं व्होल्टेज भागिले करंट केलं तर शहाण्णव येतं, चार नाही. त्या शहाण्णवात तांबं थोडं, चुंबक बरंच आणि विहिरीतलं पाणी बरंच.

मामा: पाणी कसं ओहममध्ये मोजशील?

भाची: पाणी वर चढवायला जी पॉवर लागते ती मोटरीला लाईनमधूनच घ्यावी लागते. पंप तोच, विहीर तीच, उंची तीच. व्होल्टेज उतरलं म्हणून काम फारसं कमी होत नाही, मोटर जराशी मंदावते एवढंच. मग तेवढ्याच गुणाकारासाठी एक संख्या लहान झाली की दुसरी मोठी व्हायला हवी. ४१५ ला साडेसात, तर ३३० ला साधारण ९.४.

मामा: म्हणजे करंट वाढतो. हेच मी सकाळपासून सांगतोय.

भाची: आणि मोटर जळते ती कशानं? त्या चार ओहमांनीच. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाला रोधानं गुणून येते. करंट सव्वापट झाला की उष्णता दीडपटीच्या वर जाते, ५७ टक्के जास्त. मघाशी ज्या चार ओहमांना तुम्ही हसलात, त्यांनीच तुमच्या गड्याची मोटर भाजली.

इथे मामा गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, बहुधा चहा आला म्हणून. तेवढ्यात मला एक सांगू द्या. घरातल्या उपकरणांचे ह्या हिशेबानं दोन तट पडतात. इस्त्री, गिझर, शेगडीचं कॉईल हे भाचीच्या बाजूचे: व्होल्टेज उतरलं की निमूट कमी करंट घेतात आणि काम लांबवतात. पाण्याची मोटर आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर मामांच्या बाजूचे. गंमत अशी की मोबाइलचा चार्जर आणि चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी बल्बही मामांच्याच बाजूला जातात. त्यांच्यात फिरणारं काही नसतं, पण आतली इलेक्ट्रॉनिक्स ठरलेली पॉवर काढून घेतेच, व्होल्टेज कमी असेल तर जास्त करंटनं. घरातली जुनी पिवळी दिवाबत्ती गेली तसा ओहमच्या साध्या नियमाचा घरातला गोतावळाही कमी होत चालला आहे.

मामा: बरं, पण हे सगळं मला गणिताशिवाय कळतं. थ्री फेजला एचपीला दीड अँप, एवढं डोक्यात ठेवलं की धंदा चालतो. पाच एचपीला साडेसात, दहाला पंधरा. मोटरीवर तीन एचपीची पाटी असते, कारण बिल एचपीवर येतं, आणि टाँग लावलं की साडेसात दिसतात. कळतं की पाटी तीनची आणि वायंडिंग पाचचं. विहिरीत उतरावंही लागत नाही.

भाची: तुमचा दीड आला कुठून, मामा?

मामा: वस्तादांनी सांगितला.

भाची: त्या कागदावर लिहा. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. थ्री फेजची पॉवर म्हणजे १.७३२ गुणिले व्होल्टेज गुणिले करंट गुणिले पॉवर फॅक्टर. व्होल्टेज ४१५, पॉवर फॅक्टर ०.८२ धरा. मोटर घेते त्यातले ८५ टक्के शाफ्टवर येतात. म्हणजे एका अँपिअरमागे शाफ्टवर ५०१ वॉट. ७४६ भागिले ५०१?

मामा: …एक पॉइंट एकोणपन्नास.

भाची: वस्तादांनी सूत्र सांगितलं नाही, सूत्राचं उत्तर सांगितलं. पण ते उत्तर ४१५ व्होल्टचं आहे. ३३० व्होल्टवर तुमचं टाँग ९.४ दाखवेल, आणि नुसत्या दिडानं भागलंत तर मोटर सव्वासहा एचपीची ठरेल. गडी बिचारा खरं सांगत असेल आणि तुम्ही त्याला खोटा पाडाल.

मामा: मी आधी व्होल्टमीटर बघतो, बाई. नुसत्या टाँगवर कोण बोलतं?

भाची: मग तुम्ही दोन्ही मोजून गुणाकारच करता की. फक्त कागदावर लिहीत नाही.

हा मुद्दा भाचीचा, असं माझं मत. अडाखे जिथे जन्मले त्या परिस्थितीत चोख चालतात, परिस्थिती हलली की ते का चुकले हे त्यांच्यातून कळत नाही. सूत्र चुकलं तर कुठला आकडा चुकीचा घातला हे शोधता तरी येतं. मामांना मात्र हा निकाल मान्य नव्हता. त्यांनी पॉवर फॅक्टर पकडला.

मामा: ते ०.८२ कुठून काढलंस? व्होल्ट गुणिले अँप म्हणजे वॉट, असंच शिकवता ना तुम्ही?

भाची: डीसीला आणि इस्त्रीला तसंच. मोटरीच्या बाबतीत तो गुणाकार ५,३९० येतो, पण खरी पॉवर ४,४०० वॉटच्या आसपास. बाकीचा करंट चुंबकासाठी येतो आणि परत जातो. काम करत नाही, पण वायर तापवतो.

मामा: म्हणून कपॅसिटर. आणि म्हणून महावितरणवाले सांगत असतात, कपॅसिटर बसवा आणि ऑटो स्विच काढा. लाईट आली की साऱ्या शिवारातले ऑटो एकदम मोटरी उचलतात, सुरू होताना एकेक मोटर सहापट करंट ओढते, आणि ट्रान्सफॉर्मरचा डीपी बसतो. मग सगळ्यांचंच व्होल्टेज पडतं. ह्यात तुझा ओहम कुठं आहे सांग.

भाची: डीपीपासून विहिरीपर्यंतच्या तारेत आहे. तिथे तो पुरेपूर लागू पडतो. ५०० मीटर लांब, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल तर एका कोअरचा रोध २.३ ओहम. साडेसात अँपिअरला लाईनच्या व्होल्टेजमधून २४ व्होल्ट वाटेतच जातात, आणि तीन तारांत मिळून ३९० वॉट नुसती केबल गरम करण्यात. अर्धा एचपी म्हणा. तीच केबल ॲल्युमिनियमची घेतली तर ६२० वॉट. गडी म्हणतो डीपीला व्होल्टेज आहे, मोटरीला का नाही?

मामा: तो म्हणतो वायंडिंग खराब भरलं. शिव्या मला बसतात.

भाची: मग त्याला दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजून दाखवा. फरकाला करंटनं भागा, तारेच्या रोधाचा अंदाज हातात येतो. तार सोडावी लागत नाही, काही नाही.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडला, कारण वाद बाजूला पडून दोघंही एका वस्तूवर वाकली. कोपऱ्यात एक स्टार्टर उघडा पडला होता. एका टर्मिनलचा बॅकेलाइट करपून तपकिरी झालेला, लग निळा-काळा, आणि त्या वायरीचं इन्सुलेशन बोटभर अंतरापर्यंत कडक होऊन तडकलेलं. मामा म्हणाले, असलं मी वासावरून ओळखतो, दारात पाय टाकला की कळतं. भाचीनं विचारलं, वास यायच्या आधी?

मामा: वास यायच्या आधी ओहममीटरनं कळत नाही. सैल सांधा मीटरवर शून्यच दाखवतो.

भाची: कारण मीटरच्या दोन वायरींचाच रोध त्या सांध्याएवढा असतो. पण मोटर चालू असताना सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे प्रोब ठेवून व्होल्टेज मोजा. चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्ट दिसतील. ह्यावर समजा ३ व्होल्ट दिसले असते आणि टाँगवर ८ अँप. तीन भागिले आठ, ०.३७५ ओहम. मीटरला हा आकडा नीट दिसत नाही, भागाकाराला दिसतो. आणि तीन गुणिले आठ, २४ वॉट.

मामा: चोवीस वॉट म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री की गं.

भाची: तीच. २५ वॉटची येते ना? स्क्रूखाली एक सोल्डरिंग आयर्न दिवसरात्र चालू ठेवल्यासारखं.

मामांनी तो स्टार्टर उचलून उजेडात धरला आणि लग अंगठ्यानं घासून पाहिला. हे चालू लाईनवर मोजायचं, म्हणून सवयीच्या माणसानंच मोजायचं, हे दोघांनीही मला एकदमच बजावलं. त्या बाबतीत मतभेद नव्हता.

मामा: हा ओहम होता कोण? कुठल्या कंपनीत?

भाची: कंपनीत नाही, शाळामास्तर. जर्मनीत कलोनला शिकवायचा. वडील कुलुपं करायचे, त्यांनीच पोरांना घरी गणित शिकवलं.

मामा: म्हणजे कारागिराचा पोरगा.

भाची: आणि त्याचीही अडचण तुमच्यासारखीच होती. त्या काळच्या बॅटऱ्या लोड टाकला की बसायच्या. तार बदलावी तर व्होल्टेजही बदलायचं, मग करंट कशामुळे बदलला ते कसं कळणार?

मामा: त्यालाही डीपीचाच त्रास!

भाची: म्हणून त्यानं बॅटरी सोडली. बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दाब नखाएवढा, पण हलत नाही. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत आठ तारा एकामागून एक लावल्या आणि चुंबकसूची किती वळते ते मोजलं. १८२६ ची गोष्ट. १८२७ मध्ये पुस्तक छापलं, त्याचं मायदेशी कौतुक झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये कॉप्ले पदक दिलं तेव्हा नाव झालं.

मामा: म्हणजे त्यानं आधी व्होल्टेज स्थिर केलं, मग नियम सांगितला. तुम्ही आधी नियम सांगता आणि व्होल्टेज स्थिर करायचं नावच काढत नाही.

माझ्या मते हा मामांचा वादातला सगळ्यात चांगला वार. भाचीनंही तो मोकळेपणी घेतला, पण मामा तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी भिंतीवरचा सिरीज बोर्ड ओढला. मोटरीत शॉर्ट आहे का बघायला असल्या दुकानांत १०० वॉटचे पिवळे बल्ब अजून जपून ठेवलेले असतात.

मामा: तुमचं आवडतं गणित सांग. १०० वॉटचा, २३० व्होल्टचा बल्ब निम्म्या व्होल्टेजवर लावला तर किती वॉट घेईल?

भाची: २३० चा वर्ग भागिले १००, रोध ५२९ ओहम. ११५ चा वर्ग भागिले ५२९, २५ वॉट.

मामा: हा गार बल्ब आहे. रोध मोज.

भाची: चाळीस. होय, माहीत आहे मला. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांना पोचते तेव्हा ५२९ होते. गार असताना तेरा पटीनं कमी. म्हणून बल्ब बटण दाबतानाच जातात, पहिल्या क्षणी पावणेसहा अँपिअरचा धक्का बसतो.

मामा: आता हे दोन बल्ब सिरीजमध्ये. प्रत्येकाला ११५. करंट थोडा आहे, टाँगला नीट दिसणार नाही, म्हणून जबड्यातून तारेचे दहा वेढे घेतो. वाच.

भाची: २.९. दहानं भागून ०.२९.

मामा: तुझ्या गणितानं किती यायला हवा होता?

भाची: ०.२२ च्या आत. म्हणजे खरे वॉट ३३, आणि रोध चारशेच्या आसपास. बल्ब कमी तापला, म्हणून रोध ५२९ पर्यंत चढलाच नाही.

मामा: मग पेपरात ३३ लिहिणाऱ्याला किती मार्क?

भाची: प्रश्नात 'रोध बदलत नाही असे माना' छापलेलं असेल तर काही नाही. छापलेलं नसेल तर मी पूर्ण देईन आणि मॉडरेटरशी भांडेन.

मामा: आणि २५ लिहिणाऱ्याला?

भाची: त्यालाही पूर्ण.

मामा: हे मला पटत नाही. बल्ब एक, व्होल्टेज एक, उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर?

भाची: २५ हे ह्या बल्बचं उत्तर नाहीच, मामा. ते ५२९ ओहमच्या रोधाचं आहे. नायक्रोमचं ५२९ ओहमचं कॉईल इथे लावा, २५ येतील.

मामा: मग प्रश्नात बल्ब कशाला घालता? कॉईल घाला की.

भाची: बोर्डाचं मला माहीत नाही. पुढच्या चाचणीत मी कॉईल घालते.